कोंडवाडा, पांजरपोळ आणि छावणी

मुक्या जनावराला आसरा देणाऱ्या जागेला आपल्याकडं किती नावं आहेत, हे कधी मोजून पाहिलंय का? मुंबई-पुण्यात आता सर्रास 'शेल्टर' म्हणतात. व्यापारी पेठांमधून 'पांजरपोळ' हा शब्द आला. 'गोशाळा' तर जुनीच. पण धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारा, त्याच्या तोंडी आधी दोनच शब्द येतील. एक कोंडवाडा आणि दुसरा छावणी. पहिल्यात जनावर धरून नेतात. दुसऱ्यात आपलं आपणच नेऊन बांधावं लागतं, कारण घरी वैरण उरलेली नसते.

या शब्दांच्या मागं मोठा इतिहास आहे. त्यातली एक गोष्ट मला नेहमी खटकते. अशा जागांना पैसा कुणी दिला, ते दगडावर कोरलेलं सापडतं. पण तिथं रोज सकाळी शेण कुणी भरलं, आजारी गाईच्या तोंडाला बादली कुणी लावली, हे कुठंच सापडत नाही. पगार नाही, नाव नाही, तरी हे काम करणारी माणसं प्रत्येक काळात होती. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यांच्या निमित्तानं या जागांविषयी.

आधी कोंडवाडा. इंग्रजांनी १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर धरायचं, कोंडवाड्यात घालायचं, मालकाकडून दंड आणि खुराकीचा खर्च घ्यायचा, तेव्हा सोडायचं. सात दिवसांत मालक आलाच नाही तर पुढं लिलावाची वाट. चार भिंती, वर छप्पर नाही, एक लाकडी फाटक, असा कोंडवाडा जुन्या माणसांनी गावोगाव पाहिलेला आहे. जनावराचं भलं व्हावं हा त्याचा हेतूच नव्हता; पीक वाचावं आणि दंड वसूल व्हावा, एवढंच. दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला 'कोंडवाडा' हे नाव दिलं, तेव्हा मराठी वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. बंदिस्तपणाचं इतकं नेमकं नाव भाषेत आधीच तयार होतं. माणसाच्या कोंडीला जनावराच्या कोंडीचं नाव द्यावं लागलं, यावरून दोघांचे हाल किती जवळचे होते ते कळतं.

पांजरपोळाची कहाणी वेगळी. ती मुंबईत सुरू होते आणि, खरं वाटणार नाही, कुत्र्यांवरून सुरू होते. मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम मुंबईत १८१३ पासूनच होता, पण ठरावीक दिवसांपुरता. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हती. शिपाई घरापुढची, अंगणातली, पाळलेली कुत्रीही मारू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे; अंत्यविधीतही त्याचं स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी पारशी रस्त्यावर उतरले. त्यांच्याबरोबर जैन आले, हिंदू आले, मुसलमानही आले. दुकानं बंद, गाड्या बंद. गोऱ्या पलटणीचा अन्नपाण्याचा पुरवठा अडवला. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या शहरी हरताळांपैकी हा एक, आणि तो झाला मोकाट कुत्र्यांसाठी! शाळेच्या पुस्तकात हा धडा का नाही, कोण जाणे.

या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई यांनी जैन सेठांच्या साथीनं मुंबईचा पांजरपोळ काढला. जीजीभाई पारशी, चीनच्या व्यापारावर मोठे झालेले. पुढं ते सर झाले, बॅरोनेट झाले. भुलेश्वराच्या गल्लीत आजही हा पांजरपोळ आहे. सुरुवातीला तिथं मरणातून वाचवलेली कुत्री आणि डुकरं ठेवली, मग गाई-बैल आले. कुत्रा, डुक्कर आणि गाय एकाच दात्याच्या आसऱ्याला राहत होती, हे आजच्या काळात मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

पुढच्या पन्नास वर्षांत मुंबईत या कामाला संस्थेचं रूप आलं. १८७४ मध्ये प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारी सोसायटी स्थापन झाली. लंडनमध्ये अशी सोसायटी १८२४ पासून होती, तिचं वारं इकडं लागलं. मग दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. पत्नी साकरबाई यांचं नाव त्यांनी त्याला दिलं. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यकीय कॉलेज सुरू झालं. बाई साकरबाई इस्पितळ आजही मुंबईकरांना ठाऊक आहे. म्हणजे दाते ठाऊक, गव्हर्नर ठाऊक, कॉलेजचं साल ठाऊक. आता मी विचारतो, भुलेश्वरच्या त्या पहिल्या पांजरपोळात लंगड्या बैलाच्या खुरातले किडे कोण काढत होतं? बहुधा घाटावरून, कोकणातून पोट भरायला आलेला कुणी मराठी माणूस असणार. हा माझा अंदाज. पण सेठ लोकांनी हे काम स्वतःच्या हातानं केलं नसावं, एवढं म्हणायला पुरावा लागत नाही.

आपल्याकडं असं काही का झालं नाही? एक तर आपण मुंबई इलाख्यात नव्हतोच. आपला भाग निजामाच्या राज्यात. जिल्ह्याचं ठाणं आधी नळदुर्गला होतं, मग धाराशिवला आलं, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावानं ते उस्मानाबाद झालं, आणि २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. इथं ना बंदर, ना गिरणी, ना चीनशी व्यापार करणारा सेठ. भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे, जैनांचं सिद्धक्षेत्र. शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथं सल्लेखना घेतली. जीवदयेचा विचार या मातीला परका नव्हता. पण पांजरपोळ चालवायला विचाराबरोबर दर महिन्याला येणारा पैसा लागतो, आणि इथल्या कोरडवाहू रानात पैसा दर महिन्याला येत नसे. आला तर सुगीला यायचा.

विचार मात्र भरपूर होता. पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराला नेता नेता तहानेल्या गाढवाच्या तोंडात रिती केली. नामदेव, ज्यांना आपण हिंगोलीकडच्या नर्सीचे मानतो, ते भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले. कोरडी भाकरी खाऊ नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्याच जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गला खंडोबा आहे, आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच. माझ्या घरी लहानपणी ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यातली एक हदीसमधली आहे. तहानेनं जीभ बाहेर काढलेलं कुत्रं एका बाईला विहिरीपाशी दिसतं. बाई समाजानं ओवाळून टाकलेली. ती पायातला जोडा काढते, ओढणीला बांधते, विहिरीत सोडते, पाणी काढून पाजते, आणि तेवढ्यावर तिचे सगळे गुन्हे माफ होतात. दुसरी गोष्ट उलटी. एका बाईनं मांजर बांधून ठेवलं, खायला दिलं नाही, सोडूनही दिलं नाही. ती नरकात गेली. शाळेत एकनाथांचं गाढव आणि घरी विहिरीवरचं कुत्रं, ही दोन्ही मला एकाच वयात भेटली. त्या वयात ती एकाच पुस्तकातली वाटायची.

पण या सगळ्या गोष्टींमध्ये एक बारीक फट आहे. सगळ्यांत पाणी एकदा पाजलं जातं. गाढव पाणी पितं, उठतं आणि गोष्ट संपते. दुसऱ्या दिवशी तेच गाढव पुन्हा तहानलेलं असणार, त्याचं कुणी सांगत नाही. आसऱ्याची जागा म्हणजे तो दुसरा दिवस, आणि तिसरा, आणि पुढं पावसाळा येईपर्यंतचे सगळे.

हा दुसरा दिवस आमच्या भागानं शिकला तो दुष्काळात. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीनं मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला. खडी फोडणारी माणसं, सुकडी, मिलो, हे सगळं लिहिलं गेलंय. जनावरांचं कमी लिहिलं गेलं. लोकांनी दावी सोडली आणि जनावराला म्हटलं, जा, जिथं मिळेल तिथं खा. बैलाच्या गळ्यातली घागरमाळ काढून घेतली आणि तसाच सोडला, असं सांगणारे म्हातारे मी पाहिले आहेत. सांगताना ते घागरमाळेवर थांबायचे. पुढचं सांगायचे नाहीत.

त्यानंतर चारा छावणी हा शब्द सरकारी कागदात आणि लोकांच्या बोलण्यात पक्का होत गेला. २०१२-१३ चा दुष्काळ, नंतर २०१५-१६, मग २०१८-१९. बीड, नगर, सोलापूर, धाराशिव या पट्ट्यानं या वर्षांत छावण्या पाहिल्या. छावणीची रीत अशी. एखादी संस्था, सोसायटी किंवा कारखाना जागा घेतो. शेडनेट किंवा पाचटाचं छप्पर, मधून रस्ता, दोन्ही बाजूंना दावणी. टँकरनं पाणी, उसाचे वाढे, कधी अख्खा ऊस, जमेल तशी पेंड. सरकार जनावरामागं रोजचे पैसे देतं. २०१९ च्या उन्हाळ्यात हा दर वाढत वाढत मोठ्या जनावराला १०० रुपये आणि लहान जनावराला ५० रुपये झाला होता. जनावर शेतकऱ्याचंच राहतं. घरातलं एक माणूस त्याच्यासोबत छावणीत मुक्कामाला येतं. बहुतेक म्हातारा-म्हातारी, नाहीतर शाळा सोडलेला पोरगा, किंवा सून. लेकरू दावणीलाच झोळीत.

बाहेरून येणाऱ्या पत्रकारांना छावणीत दोनच गोष्टी दिसायच्या, करुणा किंवा भ्रष्टाचार. भ्रष्टाचार होता, नाकारायचं कारण नाही. बीड जिल्ह्यात २०१९ साली तपासणी झाली तेव्हा कागदावरची जनावरं आणि दावणीची जनावरं जुळली नाहीत. कागदावरचं जनावर फार सोयीचं, ते खात नाही आणि त्याला शेणही होत नाही. पण छावणी म्हणजे तेवढंच नव्हतं. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं २०१२ मध्ये उघडलेली छावणी दीड वर्षाच्या आसपास चालली, हजारो जनावरं तिथं जगली. एवढ्या जनावरांचं शेण रोज उचलावं लागतं, हे एकदा डोक्यात घ्या, म्हणजे छावणी म्हणजे काय ते कळेल.

२०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका छावणीवर मी सुट्टीच्या दिवशी जात असे. कवी म्हणून मला तिथं काहीच काम नव्हतं, हे बरं झालं. पाण्याच्या पाळीवर माणूस कमी होता, तिथं मला उभं केलं. टँकर आला की हौद भरायचा, आणि मग रांगेनं जनावरं सोडायची, एकदम नाही. एकदम सोडली की हौदाची भिंत जाते, लहान वासरं चेंगरतात. ही रांग कुणी लावायची? तिथं एक आजी होत्या. त्यांची स्वतःची एकच म्हैस. पण सबंध ओळीतली जनावरं त्यांना तोंडपाठ. कोणती गाय गाभण, कोणती मारकी, कोणत्या बैलाचं तोंड ऊस खाऊन सोललंय. त्या नुसतं नाव घ्यायच्या आणि आम्ही पोरं तेवढं दावं सोडायचो. छावणीच्या फलकावर आयोजकांची नावं होती, उद्घाटकांचे फोटो होते. आजींच्या हाताखाली ती ओळ चालली होती. डॉक्टर आठवड्याला यायचे, तेही आधी आजींना विचारायचे.

तिथं आणखी एक पाहिलं. दिवस मावळला की माणसं एकमेकांच्या जनावरांपाशी जाऊन बसायची. कुणाचं माणूस लग्नाला गावी गेलं, तर शेजारचा त्याच्या जनावराला टाकायचा. जात, भावकी, बांधावरची भांडणं, सगळं गावात तसंच होतं. तिथं दावणी एकमेकींना लागून होत्या आणि वाढ्यांची मोळी एकच यायची, म्हणून बोलावं लागायचं. हे छावणी उठली की संपतं, हेही मी पाहिलं. पहिला पाऊस झाला, माणसं जनावरं घेऊन निघाली, आणि बांध पुन्हा बांध झाला.

आता शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या एका माणसाकडं येतो. शिरूर कासार तालुक्यात दहिवंडी नावाचं गाव आहे. तिथले शब्बीर सय्यद, लोकांचे शब्बीर मामू. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं घराणं कसायाचं. वडील बुढन सय्यद यांनी तो धंदा सोडला आणि गाई सांभाळायला घेतल्या. मामूंनी तेच पुढं चालवलं. पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्याकडं दीडशेच्या वर जनावरं होती. दूध वासरांसाठी. घर चालतं ते मुख्यतः शेणखत विकून. खोंड विकायचा तर शेतकऱ्यालाच, आणि तोही कसायाला देणार नाही असं लिहून घेऊन.

मामूंच्या बातम्या तेव्हा सगळीकडं छापून आल्या. बहुतेकांचा मथळा एकच, मुसलमान असून गाई सांभाळतो. त्या 'असून' या शब्दानं मला त्रास होतो. मराठवाड्याच्या खेड्यात मुसलमान शेतकरी आहे, त्याच्या दावणीला बैल आहेत, पोळ्याला तोही बैल धुतो, शिंगं रंगवतो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांनाच तो शब्द सुचतो. मामूंचं मोठेपण दुसरीकडं आहे. भाकड जनावर, म्हणजे दूध नाही, वासरू नाही, औताला उपयोग नाही, असं जनावर ते स्वतःच्या हातानं सांभाळतात, आणि बिनपैशानं. सरकारी छावणी पावसाबरोबर बंद होते. ही पन्नास वर्षं बंद झालेली नाही. पाणी नसलेल्या तालुक्यात, दुष्काळावर दुष्काळ येत असताना.

भाकड जनावराचा प्रश्न २०१५ नंतर सगळ्याच शेतकऱ्यांच्या दारात आला. गोहत्याबंदी महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं होतीच. १९९५ साली विधिमंडळानं केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी आली आणि बैल, वळू यांनाही ती लागू झाली. मी इथं त्या कायद्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध भाषण करणार नाही. ते करणारे पुष्कळ आहेत. हिशेबापुरतं बोलतो. पूर्वी म्हातारा बैल बाजारात विकून शेतकरी त्यात भर घालून नवा खोंड आणायचा. ते चक्र थांबलं. दोन एकरवाल्यानं म्हातारा बैल दहा वर्षं कशावर पोसायचा? मग तो रात्री दूर नेऊन सोडला जातो, आणि पहाटे कुणाच्या तरी तुरीत दिसतो. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात ५० लाखांच्या आसपास मोकाट गुरं मोजली गेली. ती सगळी या एका कायद्याची नाहीत, देशभरची कारणं निरनिराळी आहेत. पण ज्यांना ती रोज हाकलावी लागतात त्यांना आकड्याची गरज नाही.

सरकारनं गोशाळांना अनुदान दिलं. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागं रोज ५० रुपये देण्याचं ठरलं. २०१९ मध्ये छावणीतल्या मोठ्या जनावराचा दर १०० होता, हे मी मघाशी सांगितलं. कडब्याची पेंढी आज केवढ्याला येते, हे बाजारात जाऊन ज्यानं त्यानं पाहावं. उरलेला खर्च कुणाच्या तरी खिशातून येतो, आणि खिसा नसेल तिथं कुणाच्या तरी अंगमेहनतीतून.

आणि या सगळ्यात ज्या जनावरानं आमच्या जिल्ह्याचं नाव जगात नेलं ते कुठं आहे? उस्मानाबादी शेळी. काळीभोर, काटक, जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी तिचं नाव तेच राहिलं. पशुशास्त्राच्या पुस्तकात तिला मानाचं पान आहे. विधवा बाईचा, भूमिहीन मजुराचा, पारध्याच्या पालाचा ती आधार. पण तिच्यासाठी शाळा नाही, पोळ नाही. आजारी शेळीला आसरा म्हणजे तिच्या मालकिणीचं घर, आणि घर म्हणजे तरी काय, एक खोली. पावसात शेळी आत आणि माणूस ओसरीत, असं झोपणारी घरं मला माहीत आहेत. त्याला प्राणिमित्र संस्था म्हणत नाहीत, एवढंच.

आता पुन्हा कुत्र्यांकडं, जिथून मुंबईची गोष्ट सुरू झाली. कुत्री मारायची नाहीत, त्यांची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून आणली तिथं सोडायची, ही पद्धत मद्रासच्या ब्लू क्रॉसनं १९६० च्या दशकात पुढं आणली. २००१ साली तिचे देशभरासाठी नियम झाले, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीच्या परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. देशभर आरडाओरड झाली. दहा-अकरा दिवसांत मोठ्या खंडपीठानं तो आदेश सौम्य केला. मग ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका, असा आदेश झाला. हमरस्त्यावरची मोकाट गुरंही हटवायला सांगितलं. कुत्रं चावलेल्या लेकराच्या आईला हा आदेश पटणारच, आणि रेबीज हा थट्टेचा विषय नाही. तो एकदा झाला की औषध नाही. पण निवारा म्हणजे भिंत नव्हे. भिंतीच्या आत रोज उतरणारं माणूस नसेल तर आपण १८७१ चा कोंडवाडाच पुन्हा बांधू, फक्त या वेळी कुत्र्यांसाठी. जिल्ह्याच्या गावात चार-दोन पोरं जखमी कुत्र्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेताना दिसतात. कुणी रात्री हायवेवर थांबून गाईच्या शिंगांना चमकणारी पट्टी लावतं. नगरपालिकेनं निवारा बांधला तर त्याची किल्ली आधी या पोरांकडं द्यावी, असं मला वाटतं. गाडी धडकलेलं कुत्रं कसं उचलायचं, हे त्यांना येतं.

शेवटी गेल्या मोठ्या पाण्याबद्दल. आमची सगळी तयारी कोरड्या वर्षांची. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस पाणी उलट्या बाजूनं आलं. सीनेचं पाणी चढलं, परंडा, भूम, कळंब तालुक्यांत गावं वेढली गेली. परंडा तालुक्यात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. हेलिकॉप्टरमध्ये म्हैस बसत नाही. दावणीला बांधलेली जनावरं दावणीलाच बुडाली. ज्यांना वेळ मिळाला त्यांनी जाता जाता दावी कापली. गळ्याएवढ्या पाण्यातून शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊन दावं कापून आलेली पोरं त्या आठवड्यात गावोगाव होती. आपलीच जनावरं होती असं नाही.

पाणी ओसरल्यावर भरपाईचे दर जाहीर झाले. दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावराला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००. एका शेतकऱ्याला तीनच जनावरांची भरपाई, ही अट राज्य सरकारनं काढून टाकली. ते चांगलं केलं. बाहेरच्या जिल्ह्यांतून कडब्याच्या, मुरघासाच्या गाड्या आल्या. आणि तलाठ्यानं पंचनामा केला की मग एक काम उरायचं. फुगलेलं जनावर चिखलातून ओढून काढायचं, खड्डा घ्यायचा, चुना आणि मीठ टाकायचं, माती लोटायची. तोंडाला ओला रुमाल बांधून ते काम केलं कुठल्या कुठल्या गावच्या तरुण मंडळांनी, गणपतीचे मांडव उतरवून जेमतेम तीन आठवडे झाले होते, त्याच पोरांनी. पंचनाम्याच्या कागदावर जनावराचा रंग लिहितात, वय लिहितात, मालकाचं नाव लिहितात, आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेतात.